नख अडलं तर चहा नाही

"काका, हे तुम्ही घासलंत का?" मॅडमनी माझी पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरत विचारलं.

"घासलं म्हणजे काय, घासलंच की," मी म्हणालो. "नख फिरवून बघा. सांधा सापडला तर मला जल्लूल म्हणू नका."

तंत्र महाविद्यालयातल्या वेल्डिंगच्या वर्गातला माझा तो पहिला दिवस होता. दोन लोखंडी पट्ट्या हातात देऊन मॅडमनी सगळ्यांना सांगितलं होतं, जसं येतं तसं जोडून दाखवा. माझ्या आजूबाजूला विशी-एकविशीची पोरंपोरी. कुणाच्या सांध्यावर उंटाची पाठ उगवली होती, कुणाच्या पट्टीला पलीकडून दिसेल असं भोक पडलं होतं. माझी पट्टी मात्र आरशासारखी. पन्नाशीला टेकलेला माणूस यांच्या रांगेत काय करतोय, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याचं उत्तर ती पट्टीच देत होती. मी ऐटीत हात बांधून उभा होतो.

आमच्या समुद्रकाठच्या महदिया गावात खिडकीची जाळी किंवा दार बसवून झालं की घरातलं वडीलधारं माणूस बाहेर येतं आणि एकेका सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवतं. नख सरळ घसरत गेलं तर आत आवाज दिला जातो, चहा टाका. अडलं तर चहा नाही. मग उन्हात बसून पुन्हा घासा. तीस वर्षांत मी चहा न पिता कुणाच्या दारातून परतलो नव्हतो. गावातल्या निम्म्या निळ्या जाळ्या माझ्या हातच्या आहेत, आणि त्यातला एक सांधा कुणी नखानं शोधून दाखवावा.

मॅडमनी नख फिरवलंच नाही. नाव त्यांचं इन्साफ; उंचीला माझ्या खांद्याला लागतील न लागतील, वय माझ्या धाकट्या मेहुणीएवढं. त्यांनी करवतीनं माझ्या पट्टीचा दोन बोटं रुंदीचा तुकडा आडवा कापला, कोपऱ्यातल्या दाबयंत्रात बसवला आणि दांडा हाणायला सुरुवात केली. तीन-चार दणके बसले असतील. पट्टी मधोमध उघडली. कालव उघडावं तशी.

"या, सगळे जवळ या," मॅडम म्हणाल्या. "आत बघा. दोन्ही कडा कशा आहेत? कारखान्यातून आल्या तशाच. या दोघींची एकमेकींशी गाठच पडलेली नाही. वर दुधावर साय धरते ना, तेवढंच काय ते जोडलेलं होतं. आणि तीही काकांनी घासून काढली."

"पण मॅडम, तीस वर्षं..." मी म्हणालो.

"दाराला चालतं, काका. दाराला ओढतंय कोण?"

"काका, चहा गेला!" माझ्या शेजारच्या रीमनं आवाज टाकला आणि सगळा वर्ग हसला. विशीची पोरगी, पण जीभ अशी की मासळीबाजारातल्या बायांनी शिकवणी लावावी.

एरवी मी तिला सोडली नसती. पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. त्या उघडलेल्या पट्टीत मला 'हलीमा' दिसत होती.

'हलीमा' ही सादोकची बोट. सादोक माझा लंगोटीयार. एकाच गल्लीत वाढलो, एकाच खडकावरून उड्या मारायला शिकलो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या बोटीवरच्या जाळं ओढायच्या चरख्याचा पाय तडकला. सादोकनं त्याच्या मेहुण्याच्या वखारीतून जाड लोखंड आणलं. बूबाकर त्या मेहुण्याचं नाव, सादोकच्या बहिणीचा, झोहराचा नवरा. मी तो पाय जोडला. जोडला आणि घासला, असा घासला की सादोकनं नख फिरवलं तेव्हा ते लोण्यावरून जावं तसं गेलं. "तुझ्या आईबापांवर अल्लाची मेहेर," तो म्हणाला, आणि आम्ही बोटीवरच चहा प्यायलो.

तीन आठवड्यांनी भरलेलं जाळं वर येत असताना पाय सांध्यातून सुटला. चरखा पायासकट समुद्रात गेला आणि जाताना दोरानं सादोकच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. मी इस्पितळात धावलो. तो बांधलेला हात बघितला आणि तोंडातून निघून गेलं, "लोखंड खोटं होतं, सादोक."

मी खोटं बोलत नव्हतो. माझा सांधा सुटेल हे माझ्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं. सादोकनं माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवसापासून त्यानं बूबाकरच्या घराची पायरी चढली नाही, सख्ख्या बहिणीच्या हातचा घास खाल्ला नाही. बूबाकर कहवाखान्यात शपथा घेऊन सांगायचा, माझं लोखंड खोटं नव्हतं, वल्लाही नव्हतं. लोक म्हणायचे, व्यापारी दुसरं काय म्हणणार!

मलाही मग कुठल्या बोटीचं बोलावणं आलं नाही. दोष कुणी दिला नाही. पण दर्यावरची माणसं. जल्लूलचा हात पाण्याला लाभत नाही, एवढं एकदा पसरलं की संपलं. दारं आणि जाळ्या करत राहिलो. आता बंदरात नियम आला होता की बोटीवर वेल्डिंग करायचं तर प्रमाणपत्र पाहिजे. मी म्हटलं, बरंच झालं. कागद आणू आणि सगळ्यांच्या तोंडावर मारू. काम तर येतंच आहे.

त्या संध्याकाळी पट्टीचा तो तुकडा मी खिशातून घरी आणला. माझी बायको मबरूका अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्यासमोर तुकडा ठेवला आणि सगळं सांगितलं. पाय मी याच पद्धतीनं जोडला होता. कडा तासल्या नव्हत्या, मध्ये फट ठेवली नव्हती, वरून थर दिला आणि तोही घासून टाकला. लोखंड बिचारं खरं होतं.

मबरूकानं सोलणं थांबवलं नाही. "मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "माझी बोटं जागेवर आहेत."

"सांगेन की त्याला. सांगणार नाही असं म्हटलं का मी?"

"मग असा बसलास का इथं? बंदर काय गावाबाहेर गेलं?"

"आधी कागद हातात येऊ दे. मग ताठ मानेनं जाईन."

"कागद कशाला लागतो? हात पुसायला?" तिनं एक शेंग माझ्या मांडीवर टाकली. "जुलैत झोहराच्या लेकीचं लग्न आहे. मामा येणार नाही म्हणून पोरगी आत्तापासून डोळे गाळते. बघ तुला काय ते."

मी मान हलवली आणि शेंगा सोलायला लागलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. चरखा समुद्राच्या तळाशी होता. मी गप्प बसलो असतो तर जगाच्या अंतापर्यंत कुणाला कळलं नसतं, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती असं मी म्हणणार नाही.

पण काम मात्र मी शिकलो. तिथं मी कुणाच्या बापाला हार गेलो नाही. उन्हाचा काळा चष्मा लावून वेल्डिंग करायची सवय सोडली आणि पूर्ण तोंडाचा मुखवटा चढवला. आधी कडा तिरक्या तासायच्या. मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट. मग तळाचा थर. तो देताना पुढं एक बारीकसं भोक उघडं राहिलं पाहिजे आणि ते भोक चालवत न्यायचं. मिटलं तर आत काही पोचलं नाही, मोठं झालं तर सगळं ओघळलं. सुरुवातीचे दोन महिने माझं एकतर मिटायचं नाहीतर ओघळायचं. रीमचं मात्र आठवड्यात जमलं.

"तुमच्या हाताला तीस वर्षांचा गंज आहे, काका," ती म्हणायची. "माझा हात कोरा आहे."

"कोऱ्या हाताचं काय कौतुक? लग्न झालं की पोळतोच."

"मी बोटींच्या कारखान्यात जाणार. तिथं नवऱ्यांना आत सोडत नाहीत."

मग एका सकाळी कान उघडले. आतपर्यंत नीट जात असलं की आवाज बदलतो. तापल्या तेलात अंडं भरलेली ब्रीक तळायला सोडल्यावर होतो तसा तो एकसारखा आवाज येतो, आणि मग बघायचीही फारशी गरज उरत नाही. मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी चण्याच्या गरम लब्लाबीचे दोन वाडगे खाल्ले, वर हरीशाची तिखट चटणी घालघालून.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. नळीचा सांधा, नळी उभी बांधलेली. माझा सांधा वर्गात सगळ्यात चांगला उतरला, हे रीमनंही कबूल केलं. सांध्यावर धरलेली काळी खपली ठोकून काढली, तारेचा ब्रश मारला. बाकावर ग्राइंडर पडला होता. तो कडा तासायला ठेवलेला. सांध्याला लावायचा नाही, हे आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. माझ्या हातानं तो उचलला कधी आणि चालू केला कधी, मला आजही सांगता येणार नाही. मॅडम ओरडल्या तोपर्यंत निम्मा सांधा चकचकीत झाला होता.

"शून्य," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आतून पक्का आहे. कापून बघा, वाकवून बघा!"

"घासलेला सांधा मी बघत नाही. तो का घासला ते मला कळायला मार्ग नसतो." मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, चांगला तर होता. लपवत काय होतात?"

मी ग्राइंडर बाकावर परत ठेवला. शून्य! मला, जल्लूलला!

परतताना कहवाखान्यावरून गेलो. सादोक बाहेरच्या खुर्चीवर बसला होता. "कसा आहेस? घरचे बरे?" "अल्हम्दुलिल्लाह, तुझे?" असं नेहमीचं झालं. त्यानं डाव्या हातानं साखर ढवळली. मी खुर्ची ओढून बसलोसुद्धा, पण तेवढ्यात रस्त्यापलीकडून बूबाकर चालला होता, आणि सादोकनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बूबाकरनं ते बघितलं आणि पाय उचलला. मी चहा अर्धा टाकून उठलो. इतका नालायक मी आयुष्यात कधी ठरलो नव्हतो.

जूनमध्ये खरी परीक्षा आली. परीक्षक बाहेरून आलेले, चेहऱ्यावरची माशी न हलणारे. मी बिस्मिल्ला म्हटलं आणि वेल्डिंगची कांडी टेकवली. तळाचा थर, भरणीचा थर, वरचा थर. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एक. खपली पडली तेव्हा खाली एकावर एक चंद्रकोरी बसल्या होत्या, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीच्या. तीस वर्षांत मी असलं काही केलं नव्हतं. केलं असेल तर घासून टाकलं होतं.

ग्राइंडर बाकावरच होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो. परीक्षक माझ्या जागेपाशी येईपर्यंत तसाच बसलो. पलीकडून रीम मुखवट्याआडून हसतेय हे मला ऐकू येत होतं.

तुकडे कापले, दाबयंत्रात घातले. माझी पट्टी वाकली, वाकत वाकत घोड्याच्या नालासारखी झाली आणि कुठं केसाएवढी चीर नाही. परीक्षकानं कागदावर खूण केली. मॅडमनी ती वाकलेली पट्टी माझ्या हातात ठेवली. "घरी न्या, काका," त्या म्हणाल्या. "बायकोला दाखवा."

"बायकोला नाही," मी म्हणालो.

मबरूका सकाळीच म्हणाली होती, लग्नाला तीन आठवडे राहिलेत. मी घरी गेलो तो फक्त पहिल्या दिवसाचा तुकडा घ्यायला, आणि तसाच बंदराकडे निघालो. सादोक 'हलीमा'समोर जमिनीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात धरलेली, सुई डाव्या हातात, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत दोरा. मी दोन्ही तुकडे त्याच्यापुढं ठेवले.

"हे काय?"

"हा वाकलेला मी आज केला. आणि हा उघडलेला मी सप्टेंबरात केला, जसं आयुष्यभर करत आलो तसा." माझा आवाज जरा चढाच लागला होता. "तुझ्या चरख्याचा पाय असाच जोडला होता. लोखंड खोटं नव्हतं, सादोक. सांधा खोटा होता. माझा."

त्यानं उघडलेला तुकडा उचलला. आत बघितलं. दोन बोटांनी त्या न जुळलेल्या कडा चाचपल्या. 

"सप्टेंबरात कळलं तुला?"

"हो."

"आता जून आहे."

"हो."

"बोटांचं जाऊ दे," तो म्हणाला. "बोटं समुद्राची. पण माझी बहीण, जल्लूल? सहा वर्षं मी माझ्या बहिणीच्या दारात गेलो नाही. ईदला गेलो नाही. तिचा नवरा रस्त्यात दिसला तर थुंकलोय मी! तुझ्या शब्दावर!"

आसपासच्या बोटींवरची माणसं बघायला लागली. मी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण वर ठेवली. निदान त्याचं बोलणं तरी त्याच्या डोळ्यांत बघून ऐकायचं, असं मला वाटलं.

सादोक उठला. तुकडा मुठीत धरून चालायला लागला. दहा पावलं गेल्यावर वळून म्हणाला, "उभा काय राहिलास? मी एकटा काय सांगू त्याला? तोंड तुझं, तूच सांग."

बूबाकरची वखार बाजाराच्या मागे. आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा तो गिऱ्हाइकाला सळ्या मोजून देत होता. सादोकला बघून त्याच्या हातातली सळी खाली पडली. मी गिऱ्हाइकासमोरच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही न घासता. बूबाकर ऐकत राहिला. मग गिऱ्हाइकाकडे वळला.

"ऐकलंस ना?" त्यानं विचारलं. "माझं लोखंड खरं होतं. जा, कहवाखान्यात सांग. माझं लोखंड खरं होतं म्हणावं."

 सादोक पुढं झाला आणि बूबाकरचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. मागच्या दारातून झोहरा आली, भावाला बघितलं आणि दाराची चौकट धरून तिथंच खाली बसली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला, एका भिंतीला टेकून, मी पोटभर रडलो, आणि याची मला लाज वाटत नाही.

लग्नात सादोक कानामागं मोगऱ्याचा गुच्छ खोचून सगळ्यांच्या पुढं नाचला. मला आमंत्रण नव्हतं. मबरूकाला होतं, ती गेली आणि येऊन सगळं सांगितलं, मिठाई किती प्रकारची होती तेसुद्धा. गावात व्हायचं ते बोलणं झालं. दोन घरांनी दारांची कामं माझ्याकडून काढून घेतली. रीम बोटींच्या कारखान्यात लागली. माझं प्रमाणपत्र मबरूकानं चौकटीत घालून भिंतीवर लावलं आणि मी ते बघत जेवायचो.

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी दारात सादोक उभा राहिला. आत आला नाही.

"नव्या चरख्याचा पाय हलतोय," तो म्हणाला. "येतोस? ग्राइंडर आण, पण कडा तासायला. सांध्याला लावलास तर तुझ्यासकट पाण्यात टाकीन."

मी गेलो. कडा तासल्या, नाण्याएवढी फट ठेवली, आणि ग्राइंडर उचलून धक्क्यावर, हात पोचणार नाही असा लांब ठेवला. दुपारपर्यंत थरावर थर दिले. आवाज एकसारखा होता. खपली झटकली, ब्रश मारला आणि बाजूला झालो.

सादोक आला. गुडघ्यावर बसला. उजव्या हाताचा अंगठा सांध्यावर ठेवून नख फिरवायला लागला. प्रत्येक चंद्रकोरीवर नख थांबत होतं, पुन्हा पुढं सरकत होतं, पुन्हा थांबत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अडतंय," तो म्हणाला.

"अडणारच," मी म्हणालो.

तो उठला आणि बोटीच्या केबिनमध्ये गेला. आत शेगडीवर किटली ठेवल्याचा आवाज आला. मी ब्रश पुसत उभा राहिलो. थोड्या वेळानं तो बाहेर आला. डावा हात मोकळा असूनही त्यानं पेला उजव्या हातात, दोन बोटांत धरला होता. चहा काठोकाठ भरलेला होता.

"घे," तो म्हणाला. "गरम आहे. नीट धर."